मागाच्या खडखडाटात कानाला काय लावावं?

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागावर धोट्याचा खडखडाट सहज ९५-१०० डेसिबलपर्यंत जातो. कानात कोंबलेला कापूस तिथे जवळजवळ निरुपयोगी.

फोमचे इअरप्लग घ्या. हेडफोनसारखे कान झाकणारे मफ चांगले असतात, पण उन्हाळ्यात शेडमध्ये घामाने नकोसे होतात, आणि चष्म्याच्या काडीमुळे फट राहून आवाज आत शिरतो. पाकिटावरचा एनआरआर (आवाज किती डेसिबलने कमी होईल तो) आकडा मात्र जसाच्या तसा धरू नका. त्यातून ७ वजा करून निम्मे करा: २९ लिहिलं असेल तर ११ डेसिबलच धरा. म्हणजे १०० चे ८९. आठ तासांसाठी ८५ ची मर्यादा सुरक्षित मानतात, म्हणून अशा ठिकाणी प्लग आणि मफ दोन्ही लावा. त्याने साधारण ५ डेसिबल आणखी कमी होतात.

प्लग स्वच्छ हाताने पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. बाहेर लोंबत राहिला तर पुन्हा बसवा.

बोलण्यासाठी प्लग काढायची सवय फार घातक. आठ तासांच्या पाळीत निम्मा वेळ कान उघडे राहिले, तर कितीही महागडा प्लग असो, एकूण फायदा जेमतेम ३ डेसिबलचा. बोलायचं तर शेडबाहेर या.