वसईचा किल्ला एकट्याने बघायला जाताय? या चुका टाळा

रविवारी साडेदहाला पोहोचायचं, रिक्षा थेट जेट्टीपर्यंत न्यायची, दर्या दरवाजात चार फोटो, परतताना चिमाजी अप्पांच्या पुतळ्यासमोर एक आणि बाराच्या आत स्टेशनवर वडापाव. मग सोमवारी ऑफिसात सांगायचं, "वसईत काही नाही रे, पडक्या भिंती आहेत नुसत्या." मुंबईहून एका दिवसाच्या भटकंतीला येणाऱ्यांतले निम्मे तरी याच वाटेने जातात. त्यांना तीच वाट दिसते, कारण डांबरी रस्ता किल्ल्याच्या आरपार बंदराकडे जातो आणि गाडीत बसलेल्याला डावी-उजवीकडची झाडी म्हणजे नुसती झाडीच वाटते.

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिचं मूळ डोंगरी किल्ल्यांच्या सवयीत आहे. वर चढलं, माची-बालेकिल्ला पाहिला, उतरलं, झालं. वसईला हा हिशोब चालत नाही. हे तटबंदीतलं शहर होतं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ते इथे राहिले. एकशेदहा एकरांच्या आसपास जागा, कोपऱ्या-कोपऱ्यावर बुरूज, आत बालेकिल्ला, रस्ते आणि फ्रान्सिस्कन, जेसुइट अशा ख्रिस्ती धर्मसंघांचं आपापलं चर्च नि मठ. शहर बघायचं तर वेशीतून आत शिरावं लागतं.

म्हणून रिक्षा तटाच्या अलीकडेच सोडा. रस्ता जुन्या दरवाजातून जात नाही, तेव्हा आधी बाजूला वळून भुई दरवाजा शोधा. आत शिरताना वाट सरळ नाही, वळणाची आहे. बाहेरचा दरवाजा फोडून आत आलेल्याला पुढचा दरवाजा समोर दिसू नये आणि वरून त्याच्यावर मारा करता यावा, यासाठी ती वाकवलेली आहे. तिथेच तटाकडे बघून घ्या. बुरूज रायगड-राजगडासारखे गोल नाहीत, बाणाच्या टोकासारखे कोनाचे आहेत. तोफांच्या काळात गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक आंधळी जागा राहते, तिथे शत्रू बिलगून बसला तर वरून दिसत नाही. कोनाच्या बुरुजाला ती जागा शेजारच्या बुरुजावरून मारता येते.

हे डोक्यात असलं की १७३९ चा वेढा जागेवर उभा राहून समजतो. किल्ल्याच्या तीन बाजूंना खाडी, समुद्र आणि दलदल. कोरडी, मोर्चे लावण्याजोगी जमीन फक्त उत्तरेला. त्यामुळे चिमाजी अप्पांच्या फौजेने उत्तरेच्याच बाजूने मोर्चे पुढे सरकवले आणि सॅन सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावले. मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. पुतळ्यासमोर सेल्फी काढून निघणाऱ्या पठ्ठ्याला विचारा, लढाई कुठल्या बाजूला झाली? तो जेट्टीकडे बोट दाखवतो.

भुई दरवाजानंतरचा क्रम असा ठेवावा: फ्रान्सिस्कनांचं चर्च, जेसुइटांचं चर्च, बालेकिल्ला, सेंट जोसेफचं चर्च आणि शेवटी दर्या दरवाजा. थांबत बघितलं तर चार तास लागतात. दीड तासात 'उरकणाऱ्यांनी' तिकडे न जाता घरी व्हिडिओ बघावा, तेवढंच भाडं वाचेल.

भाईंदरहून येणार असाल तर फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेली रो-रो (माणसांबरोबर गाड्याही नेणारी) बोट किल्ल्याजवळच्या जेट्टीला लावते. मग हाच क्रम उलटा करा, दर्या दरवाजाकडून सुरुवात. पण आदल्या दिवशी फेऱ्या चालू आहेत का याची खात्री करा, विशेषतः पावसाळ्यात.

दुसरी चूक भरती-ओहोटीची. मुंबईत जन्म गेलेली माणसंही समुद्राकाठी जाताना पाण्याची वेळ बघत नाहीत, याचं नवल वाटतं. दर्या दरवाजातून बाहेर पडलं की तट बाहेरून बघायचा मोह होतो, आणि तो रास्तच आहे, तटाची उंची बाहेरूनच कळते. गोंधळ पुढे होतो. नमुना ठरलेला असतो: ओहोटीला पाणी मागे गेलेलं, चिखलाचा वरचा थर उन्हाने वाळून राखाडी झालेला, पायवाटेसारखा दिसणारा. माणूस तिवरांच्या कडेने पन्नास पावलं जातो, पाय ठीक पडतात. एक्कावन्नावं पाऊल घोट्यापर्यंत, पुढचं पोटरीपर्यंत. घाबरून पाय जोरात ओढला की बूट चिखलात राहतो, तोल सांभाळायला टेकलेला हात तिवराच्या टोकदार श्वसनमुळांवर आपटतो. एकट्या माणसाला ओढून काढायला कुणी नसतं, आणि तोवर भरती लागलेली असते. ज्या चिखलाने वेढ्यात तीन बाजू राखल्या, त्याला तुमच्या स्पोर्ट्स शूजची काय पर्वा!

उपाय सोपा आहे. ज्या जमिनीवर गवत, दगड किंवा माणसांच्या रोजच्या वाटेचा ठसा नाही, तिथे पाय टाकायचा नाही. आणि पाण्याची वेळ आधी काढायची. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण किनाऱ्यावरचा जुना हिशोब पाठ असावा, कारण त्याला रेंज लागत नाही: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती, साधारण सहा तास मागे-पुढे, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पक्ष कुठलाही असो, हिशोब तोच. तास-अर्ध्या तासाचा फरक धरायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी असतं, तेव्हा भर दुपारी खाडी तुडुंब असते. त्या दिवसांत बाहेरचा तट दरवाजातूनच बघा. चिखलात रुतलातच तर उभं राहून पाय उपसू नका. मागे रेलून वजन पसरवा, पाय हलक्या हाताने गोल फिरवत मोकळा करा आणि आलेल्या वाटेनेच सरपटत मागे या. बुटाचा मोह सोडा.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण रोजच्या आहेत.

वसई रोड स्टेशन म्हणजे वसई गाव नव्हे. किल्ला तिथून सात-आठ किलोमीटरवर आहे. पश्चिमेला उतरा. पूर्वेला उतरून "किल्ला किधर है" विचारणारे महाभाग अजून भेटतात. पश्चिमेहून महापालिकेची बस मिळते, नाहीतर शेअर रिक्षाने पारनाका आणि तिथून दुसरी रिक्षा. पारनाक्याहून चालायचं तर अर्धा तास धरा.

सकाळी चर्चगेट-दादरहून विरारकडे जाणाऱ्या फास्ट लोकलला गर्दी उलट्या दिशेला असते, आरामात बसायला मिळतं. दादरहून तासाभरात वसई. साडेसातची गाडी धरली तर ऊन चढायच्या आत अर्धा किल्ला होतो. "रविवार आहे, निवांत निघू" म्हणणाऱ्यांना मेगाब्लॉक भेटतो.

थडग्यांच्या शिळांवर उभे राहू नका. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या शिळा आहेत. लोक त्यांच्यावर बॅग ठेवून डबा उघडतात. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून खडू घासणं किंवा पाणी ओतणं हा तर शुद्ध आडमुठेपणा. कोरीव अक्षर सावलीने वाचायचं असतं: सकाळचं तिरपं ऊन, नाहीतर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. सेंट जोसेफच्या दारावरचा १६०१ सालचा लेख असाच तिरप्या उजेडात उमटून दिसतो. चर्च नव्याने बांधल्याची नोंद आहे त्यात, गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांच्या नावासह.

त्याच चर्चच्या मनोऱ्यात गोल जिना आहे. बंद असेल तर बंद, कठडा ओलांडून जायचं नाही. उघडा असेल तर पाय कायम भिंतीकडच्या रुंद बाजूला आणि मोबाइल खिशात. एकटे असताना अंधाऱ्या जिन्यात घसरलात तर हाक खालपर्यंत पोहोचत नाही.

पावसाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंत गवत कमरेएवढं असतं. त्यात साप असतात, ढासळलेले दगड असतात आणि उघड्या विहिरीही. हिरवाईचे फोटो कितीही सुंदर येवोत, एकट्याने फिरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फुल पँट, बंद बूट, डास पळवणारं मलम, दोन लिटर पाणी. आत हॉटेल आहे असं गृहीत धरू नका, डबा बरोबर घ्या आणि कचरा परत आणा.

किल्लाबंदर नि पाचूबंदरचे कोळीवाडे म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. मासळी सुकत घालणाऱ्या मावशींचा फोटो हवा असेल तर आधी विचारा. वाट विचारायलाही तिथल्या काका-मावशींइतकं भरवशाचं कुणी नाही, मॅपपेक्षा तर नक्कीच.

जाण्याआधी चार साल पाठ करा, नाहीतर दगड मुके राहतात: १५३४ पोर्तुगीज, १७३९ मराठे, १७८० मध्ये इंग्रजांचा जनरल गोडार्ड, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा वसईचा तह. "किल्ला चिमाजी अप्पांनी बांधला" असं सांगणारे हौशी गाइड प्रत्येक ग्रुपमध्ये असतातच.

ड्रोन आणू नका. संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही.

परतीचं गणित निघतानाच मांडा. डोंबिवली-दिव्याकडून येणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्या आहेत. एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ बाकावर बसावं लागतं किंवा दादरचा वळसा पडतो. घरच्या कुणाला तरी लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा. सूर्यास्ताच्या तासभर आधी आडबाजूचे बुरूज सोडून डांबरी रस्त्यावर या. तिथून स्टेशनची बस किंवा रिक्षा मिळते. वाटेत वसई गावच्या बाजारात हंगाम असेल तर सुकेळी (वाळवलेली केळी) घ्या, पानात बांधलेली बघून घ्या.