घर बदलताना राउटर आणि सेट-टॉप बॉक्सचं काय करायचं

नव्या घराचं टोकन देण्याआधी विचारून घ्या, की या इमारतीत कुणाकुणाचं फायबर येतं. ॲपवर पिनकोड टाकला की 'सेवा उपलब्ध' असं दिसतं आणि नेमकी तुमच्याच विंगेत वायर आलेली नसते. वॉचमनला विचारा, शेजारच्यांची बेल वाजवा, जिन्यातल्या डक्टमध्ये कुणाच्या पेट्या आहेत ते बघा. नवी केबल ओढायला बऱ्याच सोसायट्यांत कमिटीची परवानगी लागते, तीही आताच मागून ठेवा. घरून काम करत असाल तर पाणी किती वेळ येतं याच्याबरोबरच हा प्रश्न विचारायचा.

दोन-तीन आठवडे हातात असतानाच जुन्या कंपनीला फोन करा. कनेक्शन शिफ्ट होईल की बंद करावं लागेल, शिफ्टिंगचे पैसे किती, वर्षाचे आगाऊ भरले असतील तर उरलेले महिने नव्या पत्त्यावर मिळतील का, हे सगळं मेलवर लिहून घ्या. शहर बदलत असेल तर लँडलाइनचा नंबर सोबत येणार नाही. पुण्याचा 020 चा नंबर ठाण्याच्या 022 मध्ये नेता येत नाही, मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी तिथे नाही. बँक, गॅस एजन्सी, आईबाबांचे डॉक्टर, जिथे जिथे तो नंबर दिलाय तिथे आधीच बदलून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. राउटर आणि ओएनटी (फायबरची वायर जिथे जोडतात तो छोटा डबा) बहुतेक वेळा कंपनीचे असतात आणि ते परत केल्याची पावती हातात आल्याशिवाय कनेक्शन सुटलं असं धरू नका. कोथरूडचं घर सोडताना आमच्याकडे बाइकवर एक मुलगा आला, मी घाईत दोन्ही डबे त्याच्या बॅगेत घातले, ट्रक खाली उभा होता. चार महिन्यांनी उपकरणांच्या पैशांची नोटीस आली आणि माझ्याकडे दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता. तेव्हापासून मी राउटर पालथा करून मागच्या स्टिकरचा, सिरियल नंबर नीट वाचता येईल असा फोटो काढते, ॲडॅप्टर त्याच पिशवीत ठेवते आणि नेणाऱ्याकडून तारखेसह सही घेते. डिपॉझिट भरलं असेल तर ती पावतीही शोधून ठेवा.

कनेक्शन बंद झाल्यावर यूपीआय ऑटोपे किंवा बँकेतलं मँडेट स्वतः जाऊन रद्द करा. ते आपोआप थांबेल या भरवशावर राहू नका.

टीव्हीचं थोडं सोपं. डीटीएच असेल तर बॉक्स, रिमोट आणि छत्री सोबत नेता येते, पण नव्या घरी छत्रीला आग्नेयेकडचं मोकळं आकाश लागतं. महाराष्ट्रातून बघितलं तर ते उपग्रह साधारण त्याच बाजूला आहेत. बाल्कनीसमोर दुसरा टॉवर उभा असेल तर गच्चीवर जागा मिळेल का ते घरमालकाला विचारा. केबलचा बॉक्स मात्र दुसऱ्या केबलवाल्याकडे चालत नाही, तो परत करा. मधले दोन महिने नातेवाइकांकडे काढणार असाल तर कनेक्शन तात्पुरतं स्थगित करायला सांगा.

सामान हलवायच्या दिवशी फायबरची पिवळी वायर ओढू किंवा दुमडू नका, आत काच असते. नव्या कनेक्शनच्या केवायसीसाठी भाडेकरार मोबाइलमध्ये हवा. पहिल्या आठवड्यापुरता मोबाइलचा डेटा पॅक भरून ठेवा, कारण 'उद्या येतो' म्हणणारा तंत्रज्ञ बहुधा परवा येतो.

पैसे अडकलेच तर आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. मी केला होता, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पावतीच मागितली.