तेलगळतीची भरपाई कोणाकडे आणि कशी मागावी

समुद्रात तेल सांडले की ‘चूक कोणाची’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. नुकसान सोसलेल्याने मात्र त्याआधी ‘तेल आले कोठून’ आणि ‘नुकसान कोणत्या देशाच्या हद्दीत झाले’ याचा शोध घ्यावा, कारण कोणता कायदा लागू होणार आणि पैसे कोण देणार, हे त्यावरच ठरते. जहाजावर कोणत्या देशाचा झेंडा होता, ही बाब येथे दुय्यम आहे.

तेल टँकरमधून, म्हणजे तेलवाहू जहाजातून, माल म्हणून जात असेल आणि नुकसान झालेला देश १९९२ च्या आंतरराष्ट्रीय नागरी दायित्व करारात सहभागी असेल, तर जबाबदारी नोंदणीकृत जहाजमालकावर येते. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही; युद्धासारखी मोजकीच कारणे त्याला सोडवू शकतात. दोन हजार टनांहून अधिक तेल वाहणाऱ्या टँकरला विमा सक्तीचा असल्यामुळे दावा थेट विमा कंपनीवरही करता येतो, आणि मालक परागंदा झाला तर हा मार्ग विशेष उपयोगी पडतो. मालकाचे दायित्व जहाजाच्या आकारानुसार मर्यादित असते. भरपाई त्यापलीकडे गेली तर १९९२ च्या निधी करारातील (ज्याने भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय निधी उभारला) सदस्य देशांत एकूण २०.३ कोटी एसडीआरपर्यंतची (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) रक्कम मिळू शकते.

२०२० मध्ये मॉरिशसजवळ प्रवाळावर अडकलेले ‘वाकाशिओ’ हे जहाज टँकर नव्हते. सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन. अशा गळतीला २००१ चा बंकर करार लागू होतो आणि त्यामागे कोणताही आंतरराष्ट्रीय निधी उभा नसतो. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा फरक अन्यायकारक आहे, कारण किनाऱ्यावरचा तवंग दोन्हीकडे सारखाच असतो.

अमेरिका या नागरी दायित्व करारात नाही. १९८९ मध्ये अलास्काजवळ ‘एक्सॉन वाल्डेझ’ या टँकरला झालेल्या अपघातानंतर तिने १९९० मध्ये स्वतःचा कायदा केला. त्यानुसार दावा साधारणपणे आधी जबाबदार पक्षाकडे करावा लागतो आणि नव्वद दिवसांत निकाली न निघाल्यास न्यायालयात किंवा राष्ट्रीय निधीकडे जाता येते. घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर दायित्वाची मर्यादा गळून पडते.

तेलविहिरी आणि पाइपलाइनींसाठी असा जागतिक करारच नाही. तेथे त्या-त्या देशाचा कायदा चालतो. तरीही स्थानिक न्यायालय हा शेवटचा दरवाजा नसतो. नायजेरियातील नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्यांनी शेल कंपनीविरुद्ध नेदरलँड्समध्ये खटला भरला आणि २९ जानेवारी २०२१ रोजी हेगच्या अपील न्यायालयाने दोन गावांतील गळतीसाठी तिच्या नायजेरियन उपकंपनीला जबाबदार धरले. मात्र या लढ्याला तेरा वर्षे लागली.

दावा टिकतो तो पुराव्यावर, आणि पुरावा पहिल्याच दिवसापासून जमवावा लागतो. तेलाचा नमुना स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यावा, तिच्यावर ठिकाण, तारीख व वेळ लिहावी आणि नमुना घेताना साक्षीदार ठेवावा. माखलेली जाळी फेकण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढावीत. मच्छीमाराने गळतीपूर्वीच्या मासळी विक्रीच्या पावत्याही जपाव्यात, कारण आधीची कमाई दाखवता आली नाही तर बुडालेली कमाई मोजणार कशी?

१९९२ च्या करारांनुसार नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत, आणि कोणत्याही परिस्थितीत घटनेपासून सहा वर्षांत, न्यायालयात दावा दाखल व्हावा लागतो. विमा कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ही मुदत आपोआप थांबत नाही, म्हणून तडजोडीची बोलणी चालू असतानाच वकिलाकडून दाव्याचा मसुदा तयार करून घ्यावा.