नेम चुकतोय? बंदुकीची नवी साइट घेण्याआधी या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात नाशिकच्या सिडकोतले एक गृहस्थ मुलाची एअर रायफल घेऊन नेमबाजीच्या रेंजवर आले. मुलगा आठवीतला, हाताला स्थिर, पण महिनाभर त्याचे शॉट उजवीकडे पळत होते. "दादा, मागची साइट खराब निघाली. नवीन बघून ठेवलीये, घेऊन टाकू?" साइट म्हणजे बंदुकीवर पुढे आणि मागे बसवलेली, नेम धरायची खूण. मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे माझा हात आधी स्क्रूकडे जातो. लिव्हर उघडून नळी रिकामी असल्याची खात्री केली, रायफल टेबलावर ठेवली आणि पुढच्या साइटचं नळकांडं बोटाने ढकललं. केसभर हललं. ॲलन की लावून अर्धा फेरा आवळला आणि पोराला पाच शॉट मारायला सांगितलं. सगळे एका जागी पडले.

केसभराने एवढा फरक पडतो का, तर पडतो. रायफलच्या दोन साइटमध्ये साधारण 80 सेंटिमीटर अंतर असतं आणि टार्गेट 10 मीटरवर, म्हणजे चूक साडेबारा पट होऊन कागदावर पोचते. पुढे 0.1 मिलिमीटर हललं की तिकडे सव्वा मिलिमीटर. एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा! पिस्तुलात दोन साइटमधलं अंतर निम्म्याहून कमी, त्यामुळे तीच चूक पावणेतीन मिलिमीटरच्या घरात जाते. तिथे दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं म्हणून जरा निभावतं.

दर शॉटनंतर क्लिक फिरवणं

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक हीच. साइट सरकवायचा नॉब 'टिक' करत एकेक घर फिरतो, ते एक घर म्हणजे क्लिक. एक शॉट डावीकडे गेला की दोन क्लिक उजवीकडे, पुढचा उजवीकडे गेला की परत डावीकडे. अर्ध्या तासाने साइट कुठे होती हे कोणालाच सांगता येत नाही. एक शॉट काहीच सांगत नाही, श्वास चुकला असेल, ट्रिगर झटकला असेल. पाच शॉट मारा, त्यांचा मधला बिंदू बघा आणि मगच नॉबला हात लावा. पाचही जवळजवळ पण एका बाजूला असतील तर साइट हलवायची. पाच शॉट पाच दिशांना असतील तर साइटचा काही संबंध नाही, दुखणं दुसरीकडे आहे.

नॉब कुठे फिरवायचा यातही गोंधळ असतो. नियम सोपा: मागची साइट तिकडे सरकवायची जिकडे शॉट न्यायचाय. पुढची सरकवायची वेळ आली तर नेमकं उलट. घोळ होतो तो नॉबवरच्या अक्षरांमुळे. बऱ्याच जर्मन साइटवर एच, टी, आर, एल असं कोरलेलं असतं. एच म्हणजे 'होख', वर. आपण समजतो एचकडे फिरवलं की शॉट वर जाईल. पण ते अक्षर चूक दाखवतं, दुरुस्ती नाही: शॉट वर जात असेल तर एचकडे फिरवा, तो खाली येईल. सगळ्याच कंपन्या असं करत नाहीत. म्हणून नवी साइट हातात आली की एकाच दिशेला दहा क्लिक देऊन कागदावर काय झालं ते वहीत लिहून ठेवा.

निवडतानाच्या चुका

शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट (मागे खाच, पुढे उभं पातं) आणि पीप साइट (मागे बारीक छिद्र, पुढे रिंग) असे एअर रायफलचे वेगळे गट असतात. पोराला कुठल्या गटात उतरवायचं हे प्रशिक्षकांना न विचारताच पालक महागडी पीप साइट घेऊन येतात. 2024 साली पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ब्राँझ मिळवल्यावर आमच्याकडे अशा खरेदीला भलताच जोर आला होता. उत्साह चांगला आहे, पण आधी गट ठरू द्या, मग पाकीट काढा.

पीप साइटमध्ये पुढची रिंग लहान घेण्याचा मोह असतो. लहान म्हणजे अचूक, असं वाटतं. जरा हिशेब करून बघा. टार्गेटवरचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा. रिंग डोळ्यापासून मीटरभर अंतरावर, तिथे तो गोल जेमतेम 3 मिलिमीटरचा भासतो. रिंग 3.2 ची घेतली तर काळ्याभोवती पांढरी कड उरतेच कुठे? डोळा ती शोधत बसतो, हात थकतो आणि शॉट उशिरा सुटतो. नवख्याने 4 किंवा त्याहून मोठी घ्यावी. मोठ्या रिंगमध्ये गोल मधोमध आहे की नाही हे डोळ्याला पटकन कळतं. मागचं छिद्रही उगाच बारीक करू नका, 1.1 मिलिमीटरच्या आसपास बहुतेकांचं भागतं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तर बारीक छिद्रातून नुसता अंधार दिसतो.

स्प्रिंगच्या एअरगनवर स्वस्त दुर्बीण लावायची हौस असेल तर आवरा. पिस्टन आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडून झटका देतो, त्यात साध्या दुर्बिणीची आतली काच सैल होते. शिवाय रायफलसाठी बनलेल्या बऱ्याच दुर्बिणी 100 यार्डांवर जुळवलेल्या असतात. 10 मीटरवर डोळा जरा हलला की दुर्बिणीतला नेमाचा क्रॉस टार्गेटवर सरकताना दिसतो.

ओपन साइटवाल्यांचं एक वेगळंच दुखणं असतं. पुढच्या पात्यावरचा काळा रंग घासला जातो आणि उघड्या रेंजवर मे महिन्याच्या उन्हात ते चमकतं. एक कड उजेडात विरते आणि आपण पातं मधोमध समजून भलतीकडेच नेम धरतो. यावर देवघरातला कापूर कामाला येतो. पातं बंदुकीवरून काढून, चिमट्यात धरून कापराच्या ज्योतीवर फिरवा, मखमली काजळी धरते. घरचे विचारतात आरती कसली चाललीये, ते सोडा.

शॉट विखुरतात तेव्हा

एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम असा ठेवा: आधी दोन्ही साइटचे स्क्रू, मग नळी आणि लाकडाचे, मग पेलेट म्हणजे छर्रे, मग सिलिंडरमधली हवा. पेलेट सगळ्या 4.5 मिलिमीटरच्या म्हणून विकल्या जातात, पण डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असं डोक्याचं माप असतं आणि प्रत्येक नळीला आपापलं आवडतं. दोन-तीन मापं आणून बघा. सिडकोच्या त्या गृहस्थांना मी साइटचे पैसे यातच घालायला लावले.

सुरुवातीचे शॉट ठीक आणि पुढे एकेक करून खाली उतरत असतील, तर रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरच्या गेजकडे बघा. 200 बारचं सिलिंडर 70-80 च्या खाली गेलं की वेग पडतो. त्यावरची तारीखही वाचा. कंपन्या साधारण दहा वर्षांनी सिलिंडर बदलायला सांगतात, तिथे काटकसर नको. पेलेट नळीत अडकली तर दुसरी मारून ती ढकलायची नाही. हवा काढून सळईने बाहेर काढा.

शॉट खाली आणि एकाच बाजूला जात असतील तर बहुतेक वेळा बंदूक त्या बाजूला तिरकी धरली जातेय. आरशासमोर उभं राहा, दिसेल.

एक खबरदारी. हे सगळं 4.5 मिलिमीटरच्या, 20 जूलच्या आतल्या, परवाना न लागणाऱ्या एअरगनबद्दल आहे. परवान्याच्या शस्त्राची साइट घरी कानस घेऊन घासू नका, ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं.

चष्मा

नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका पिस्तूल मारतात. वर्षभरात त्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा शॉटचा पुंजका, दुप्पट पसरला. ट्रिगर बदलून झाला, ग्रिप घासून झाली. शेवटी कळलं, काका बायफोकलमधून मान वर करून नेम धरत होते. पिस्तुलात नजर पुढच्या पात्यावर हवी, टार्गेट जरा धूसर दिसलं तरी चालतं. वाचायचा नंबर हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा, लांबचा नंबर रस्त्याचा, आणि पातं या दोन्हींच्या मध्ये. चष्म्याच्या दुकानात पिस्तूल नेणार कसं? काकांनी हात ताणून उभं राहायचं, मी डोळ्यापासून पात्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. तेवढी सुतळी खिशात घालून काका मेनरोडला गेले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "मला इथलं स्पष्ट दिसलं पाहिजे, या गाठीपाशी."