भीमाशंकरची चमकती बुरशी टिपताना

पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या फांद्या त्यांवरच्या बुरशीमुळे हिरवट उजळतात. रात्री शिरायचं तर आधी वनखात्याची परवानगी. मग टॉर्च विझवून 20 मिनिटं गप्प बसा, डोळे अंधाराला सरावू द्या. पहिल्या खेपेला मी सारखा मोबाइल बघत बसलो आणि कोरडाच परतलो (म्हणजे नखशिखांत भिजून!).

फोकस मात्र टॉर्चच्याच उजेडात लावा, फांदीच्या सालीच्या एखाद्या भेगेवर, आणि लगेच मॅन्युअलवर टाका. अंधारात ऑटोफोकस नुसता घरघरतो. ट्रायपॉड हवाच. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) 3200, एफ (लेन्सचं छिद्र किती उघडं) 2.8, शटर 30 सेकंद उघडं, इथपासून सुरुवात करा. माझी सगळ्यात बरी फ्रेम बल्ब मोडवर (यात शटर हवं तितका वेळ उघडं ठेवता येतं) 4 मिनिटांची आहे. दर फ्रेमआधी लेन्स पुसा, बाष्प धरतं. आणि फांदी उचलून ‘चांगल्या’ जागी मांडू नका.