विमानतळावर स्केच करताय? या चुका टाळा

विमान दोन तास लेट झालं की हल्ली पुष्कळजण स्केचबुक उघडतात. पंधराव्या मिनिटाला ती परत सॅकमध्ये जाते. कारण बहुतेक वेळा एकच: सुरुवात डोळ्यांपासून केलेली असते.

समोर कोणी झोपलेलं दिसलं की आपण पापण्या काढायला बसतो. मीही बसलोय. एका गेटवर एक आजोबा बॅगेवर डोकं टेकून घोरत होते. मी त्यांचा चष्मा काढला, काचेवरची चमक काढली, मिशीचा केस न केस काढला. आता खांदा घेणार, तेवढ्यात बोर्डिंगची रांग लागली आणि आजोबा ताडकन उठून गेले. पानावर राहिली नुसती अधांतरी मिशी.

तेव्हापासून पहिलं अर्धं मिनिट फक्त पाठीची रेघ, डोक्याचा गोळा आणि अंगाचा भार कुठे पडलाय ते. चेहरा उरल्या वेळात. माणूस उठलाच तर त्याच खुर्चीवर दुसरा कोणी येऊन मोबाइलमध्ये मान घालतोच. त्याचे पाय पहिल्याला जोडून टाका. कोणाच्या बापाला कळत नाही. फोटो काढून 'घरी पूर्ण करू' म्हणणाऱ्यांची चित्रं मात्र मी अजून पूर्ण झालेली पाहिलेली नाहीत.

गर्दी काढताना लांबची माणसं पानावर वर वर सरकवू नका. तुम्ही बसलेले असाल, तर जवळ बसलेल्यांची आणि लांब बसलेल्यांची डोकी जवळपास एकाच रेषेत येतात. लांबच्यांचे फक्त पाय वर जातात.

काचेपलीकडचं विमान काढताना इंजिन पंखाच्या बरोबर पोटाखाली चिकटवू नका. नेहमीच्या प्रवासी विमानात ते पंखाच्या पुढे डोकावतं. आणि खिडक्या मोजत बसू नका, प्लीज.

फाउंटन पेन अर्धवट भरून विमानात नेणं ही माझी दुसरी दुखरी नस. वर गेल्यावर केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतका उतरतो. पेनातली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. शर्टाच्या खिशावर निळा नकाशा उमटल्यावर मला हे शास्त्र समजलं. आता पेन काठोकाठ भरतो नाहीतर पूर्ण रिकामं करतो, आणि चढताना-उतरताना निब वर. लगेच लिहून बघायची घाई केलीत, तर बोटंही निळी होतील.

वॉटरब्रश (दांड्यात पाणी भरायचा ब्रश) तपासणीपर्यंत रिकामा ठेवा, आत गेल्यावर पाणी भरा. पेन्सिल तासायला कटर हातसामानात नको, शार्पनर घ्या. सुरक्षा तपासणी आणि पासपोर्टच्या काउंटरवर वही बंदच.

कानात इयरफोन घालून चित्रात बुडू नका. आणि कान उघडे ठेवूनही भागत नाही, कारण काही विमानतळांवर घोषणाच होत नाहीत. मी मोबाइलवर दर वीस मिनिटांनी गजर लावतो, तो वाजला की आधी बोर्डावर गेट नंबर बघतो, मग पुढची रेघ.