फुलपाखरांच्या वंशवृक्षावर काम करायचंय? पतंगांपासून सुरुवात करा

एम.एस्सी. झूलॉजी करून ‘मला फुलपाखरांवर काम करायचंय’ म्हणत जी मुलं लॅबमध्ये येतात, त्यांच्यापुढे मी आधी पतंगांच्या पेट्या ठेवते. बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. पण पतंग आणि फुलपाखरं मिळून जो एक गण (लेपिडॉप्टेरा) होतो, त्यातल्या सुमारे १,६०,००० ज्ञात जातींपैकी फुलपाखरं जेमतेम १९,०००, आणि जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षात ती पतंगांचीच एक फांदी. शाळेतलं ‘पतंग विरुद्ध फुलपाखरू’ कोष्टक विसरलात तर पुढचं सोपं जातं.

हेडिलिडी कुळ बघा. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले हे मळकट जीव बहुतेक रात्री उडतात, मिशांच्या टोकाला गाठ नाही, म्हणून पतंगांत मोजले जायचे. १९८६ मध्ये कीटकशास्त्रज्ञ माल्कम स्कोबल यांनी शरीररचनेवरून ती फुलपाखरं असल्याचं मांडलं. पुढे डीएनएनेही तेच सांगितलं आणि त्यांना स्किपर या फुलपाखरांच्या कुळाशेजारी नेऊन बसवलं. आपला नीलवंत (ब्लू मॉर्मन) ज्या स्वॅलोटेल कुळातला, ते मात्र बाकी सगळ्या फुलपाखरांपासून आधीच फुटलेलं.

२०१९ मध्ये संशोधक अकितो कावाहारा आणि सहकाऱ्यांनी पतंग-फुलपाखरांच्या १८६ जातींची दोन हजारांवर जनुकं तपासून वंशवृक्ष काढला. पतंगांना कान आले ते त्यांना खाणाऱ्या वटवाघळांमुळे, असं आम्ही शिकलो होतो. या वंशवृक्षावरून दिसलं की काही गटांत ते वटवाघळांच्या कोट्यवधी वर्षं आधीच होते!

प्रत्यक्ष काम सुरू होतं एका पायापासून. चिमट्याने पाय मुळाशी धरून काढायचा, ९५ टक्के अल्कोहोलच्या नळीत टाकायचा, आणि उरलेला नमुना त्याच नंबरचं लेबल लावून पिनवर जपायचा. नमुना हरवला तर तो डीएनए फुकट. ओळखीबद्दल शंका आली की परत बघणार काय?

त्या पायातून सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाघरातल्या) जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा हाती आला की त्याचं अमिनो आम्लांत रूपांतर करून बघा. मध्येच स्टॉप (प्रथिन इथे संपवा, असं सांगणारी तीन अक्षरं) दिसले तर आधी सॉफ्टवेअरमध्ये अपृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियाचा कोड निवडलाय का ते तपासा. त्यात टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, स्टॉप नव्हे. कोड बरोबर असूनही स्टॉप राहिले, तर तो बहुधा मायटोकॉन्ड्रियातून पेशीच्या केंद्रकात जाऊन पडलेला निकामी तुकडा.

एकट्या सीओआयवर वंशवृक्ष उभारू नका. जाती ओळखायला तो छान, कुळांची नाती सांगायला तोकडा. त्यातून कीटकांच्या पेशींत राहणारा व्होल्बाकिया हा जिवाणू मायटोकॉन्ड्रियासारखाच आईकडून येतो. तो फैलावला की त्याच्यासोबतचा मायटोकॉन्ड्रियाही फैलावतो आणि चित्र बिघडतं. म्हणून शेकडो केंद्रकीय जनुकं लागतात, आणि ती तपासायची म्हणजे दिवसातले बरेच तास संगणकावर, लिनक्सच्या काळ्या पडद्यासमोर. तेवढा धीर नसेल तर निव्वळ फील्डवर्कच्या हौसेने पीएच.डी.ला येऊ नका.

आणि हो, परवानगी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कित्येक फुलपाखरं संरक्षित आहेत, अभयारण्यातून तर साधा पतंग आणायलाही वनखात्याचं पत्र लागतं. प्रवेश पक्का झाला की लगेच अर्ज टाका. नाहीतर पत्र हातात पडेपर्यंत पावसाळा संपलेला असतो.